बाजूला पळणाऱ्यांना काहीच कसं माहीत नसतं?

अनवाणी (धागाकर्ता)

केनियाची मॅरेथॉन धावपटू रूथ चेपनगेटिच हिच्यावरची उत्तेजकांसाठीची बंदी जाहीर झाली आणि 'मी म्हटलंच होतं' म्हणणाऱ्यांची रांग लागली. तशी ती शिकागोतल्या शर्यतीच्या दिवसापासूनच लागायला सुरुवात झाली होती. १३ ऑक्टोबर २०२४. वेळ २:०९:५६. तिगस्त असेफाचा २:११:५३ चा विक्रम जवळपास दोन मिनिटांनी मोडला. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेत एकाने तोंडावर विचारलं, की लोकांना हे खरं वाटणार नाही, त्यांना काय सांगशील? मग काय, प्रश्न विचारणाऱ्याचीच सालं काढली गेली. केनियाचा महासंघ तिच्या पाठीशी उभा राहिला.

पुढे १४ मार्च २०२५ ला घेतलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड सापडलं. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की नोंद होते. तिचा आकडा ३८००. आधी म्हणाली, कसं आलं कळत नाही. नंतर म्हणाली, घरकाम करणाऱ्या बाईच्या गोळ्या घेतल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी. नमुना शर्यतीनंतरचा असल्यामुळे विक्रम तसाच आहे.

ही झाली बातमी. मला बोलायचंय ते आजूबाजूच्या माणसांबद्दल, आणि फक्त तिच्या नव्हे. या पातळीवर लांब पल्ल्याचं कुणीच एकटं पळत नाही. सोबत पेसर (पुढे पळून वेग राखून देणारे) असतात, गट असतो, प्रशिक्षक, मालिशवाला, मॅनेजर, शिबिरात एकाच खोलीत झोपणारा माणूस. आठवड्याला दोनशे किलोमीटर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पळणारी ही माणसं. कोण कुठल्या चढावर मोडतो, कुणाला कठीण सरावानंतर दोन दिवस लागतात आणि कुणाला अचानक एकही लागेनासा झालाय, हे त्यांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळतं. तरी दरवेळी निवेदन तेच: 'आम्हाला धक्का बसला आहे.'

माझं मत आहे की यातल्या बऱ्याच जणांना धक्का वगैरे काही बसलेला नसतो. ते खाल्ल्या मिठाला जागत असतात. आणि त्याची किंमत भरतो तो शर्यतीत चौथा आलेला माणूस.

तुम्हाला काय वाटतं?

लिंबूटिंबू

बसलो मांडी ठोकून. पण आधी एक बाळबोध प्रश्न. ही हायड्रोक्लोरो-काय-ती गोळी रक्तदाबाची ना? आमचे पिताश्री रोज घेतात. त्यांच्या चालण्याच्या वेगात तर काही फरक पडलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

लिंबूटिंबू, बाबांना घेऊ द्या :) ते मूत्रल औषध आहे. लघवी जास्त होते, ती पातळ होते, त्यामुळे दुसरं काही घेतलं असेल तर त्याचा माग लागणं अवघड होतं. म्हणूनच ते बंदी यादीत आहे. नुसत्या त्या गोळीने कुणी मॅरेथॉन जिंकत नाही.

खडूसकाका

सगळेच घेतात हो. पकडला जातो तो चोर, बाकीचे विश्वविक्रमवीर. १९९३ साली चीनच्या वांग जुनशियाने ३००० मीटर ८:०६.११ मध्ये पळून दाखवलं. आज हे नवे बूट, नवे ट्रॅक, नवं आहारशास्त्र घेऊनही कुणी तिथे पोचलेलं नाही. कोंबडं कितीही झाकलं तरी उजाडायचं राहत नाही. आणि तुम्ही निष्ठेची चर्चा करताय.

वेगळीवाट

अनवाणी, तुमच्या लेखनात कळकळ आहे, पण हे सगळं बाहेरून पाहिल्यासारखं वाटलं. मी फार वरपर्यंत गेले नाही, तरी काही वर्षं शिबिरांमध्ये काढली आहेत, म्हणून लिहिते.

गटात राहून तुम्हाला दिसतं ते पळणं. कुणाच्या बॅगेत काय आहे ते दिसत नाही. ज्याला लपवायचं असतं तो सगळ्यात आधी तुमच्यापासूनच लपवतो. उरला संशय. तर ऐका, गटात संशय रोजच असतो. कालपर्यंत माझ्या मागे राहणारी पोरगी उंचावरच्या शिबिरातून आली आणि शेवटच्या एक हजार मीटरला मला सोडून निघून गेली, तर माझ्या मनात पहिला विचार कुठला येतो? 'शाब्बास' हा नक्कीच नाही. यातली निम्मी असूया असते, निम्मी थकवा. अशा प्रत्येक संशयावरून तक्रारी करायच्या ठरल्या तर एकही गट आठवडाभर टिकणार नाही.

शिवाय चाचणीचा अनुभव घेतलाय का कुणी? शर्यत संपते, तुम्ही घामाने कोरडे पडलेले असता आणि एक बाई येऊन उभी राहते. तिथून पुढे तिची नजर तुमच्यावरून हलत नाही. सीलबंद संचांच्या ढिगातून एक तुम्हीच निवडायचा, सील शाबूत आहे का बघायचं, बाटल्यांवरचे आकडे जुळवून घ्यायचे. नव्वद मिलिलिटर लघवी लागते. शर्ट छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि समोर उभी राहून ती बाई बघत असते, कारण दुसऱ्याची लघवी घेऊन येणारेही होऊन गेलेत. पन्नास मिलिलिटरच झाली तर ती सील करून ठेवायची आणि पाणी पीत बसून राहायचं. मॅरेथॉननंतर यात तास दोन तास जातात. मग स्वतःच्या हाताने ए आणि बी बाटल्यांमध्ये ओतायची, झाकण करकर आवाज येईपर्यंत आवळायचं. ते एकदा बसलं की प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय निघत नाही.

हे सगळं पार पाडून जिचा अहवाल स्वच्छ आला तिच्याबद्दल, केवळ ती भरभर बरी होते म्हणून, मी जाऊन कुणाला सांगू? काय सांगू?

नेत्रा_

+१ वेगळीवाट. ते 'दुसऱ्याची लघवी' वाचून आठवलं. २००८ मध्ये रशियाच्या सात महिला खेळाडू नेमक्या याच प्रकरणात अडकल्या. स्पर्धेबाहेर दिलेल्या नमुन्यांचा डीएनए स्पर्धेत दिलेल्या नमुन्यांशी जुळेना. त्यात ओल्गा येगोरोवा होती.

येगोरोवा म्हणजे २००१ च्या एडमंटन जागतिक स्पर्धेतली. तिच्या पॅरिसच्या नमुन्यात ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध) सापडलं होतं, पण सोबत रक्ताची चाचणी झाली नव्हती म्हणून तांत्रिक मुद्द्यावर सुटली. ५००० मीटरच्या प्राथमिक फेरीला ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ आणि तिची सहकारी 'ईपीओवाले चोर बाहेर व्हा' अशा अर्थाचा फलक घेऊन प्रेक्षकांत बसल्या. अधिकाऱ्यांनी फलक काढून घेतला. रोमानियाची धावपटू गॅब्रिएला झाबो म्हणाली होती की येगोरोवा पळाली तर मी पळणार नाही. प्रत्यक्षात ती पळाली आणि आठवी आली. सुवर्ण येगोरोवाने नेलं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

म्हणजे संशय जाहीरपणे बोलून दाखवणारे होते. सात वर्षांनी का होईना, त्यांचा रोख चुकला नव्हता हे दिसलं.

वेगळीवाट

नेत्रा, गोष्ट तिथे संपत नाही ना. २०१५ मध्ये हजारो खेळाडूंच्या रक्तचाचण्यांचे आकडे फुटले आणि बोट त्याच रॅडक्लिफकडे वळलं. ब्रिटिश संसदेच्या समितीत नाव न घेता असा उल्लेख झाला की सगळ्यांना कळावं. तिला जाहीर खुलासे करत बसावं लागलं. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाने सांगितलं की आकड्यांचा अर्थच चुकीचा लावला गेला, आणि ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेलाही तिच्याविरुद्ध काही आढळलं नाही.

फलक धरणारीवर तीच वेळ आली. म्हणून मी संशय आणि माहिती या दोन डब्यांवर वेगवेगळी लेबलं लावते.

सूक्ष्मदर्शी

माझं पोट रक्ताच्या नमुन्यांवरच भरतं (खेळाडूंच्या नव्हे), म्हणून या आकड्यांबद्दल थोडं सांगतो.

ईपीओ हे आपल्याच शरीरात तयार होणारं संप्रेरक. ते तांबड्या पेशी वाढवतं, म्हणजे प्राणवायू जास्त वाहून नेला जातो. बाहेरून टोचलेलं ईपीओ लघवीत पकडण्याची चाचणी सिडनी २००० पासून आहे. पण थोड्या थोड्या मात्रेत, रात्री घेतलं तर सकाळपर्यंत फारसं काही हाती लागत नाही. म्हणून २००९ पासून जैविक पासपोर्ट आला. त्यात औषध शोधत नाहीत, त्याने उमटवलेल्या खुणा शोधतात. खेळाडूचं हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी, वर्षानुवर्षं नोंदवत जायचं. ईपीओ घेत असताना नव्या पेशींचं प्रमाण वाढतं. ते थांबवलं, किंवा साठवलेलं स्वतःचंच रक्त परत चढवलं, की हिमोग्लोबिन वर आणि नव्या पेशी अगदी खाली जातात, कारण शरीर म्हणतं, पुरे झालं, आता कारखाना बंद. हिमोग्लोबिन जास्त आणि नव्या पेशी जवळपास गायब, हे चित्र नैसर्गिकरीत्या सहसा दिसत नाही.

पण नुसता एक आकडा काहीच सांगत नाही. उंचावर राहून आलात, शर्यतीनंतर लगेच रक्त दिलं आणि अंगात पाणी कमी आहे, नमुना वाटेत तापला, तर आकडे हलतात. रॅडक्लिफच्या बाबतीत हेच मुद्दे होते. म्हणून संशयास्पद पासपोर्ट तीन तज्ज्ञांकडे जातो, खेळाडूचं नाव न कळू देता, आणि तिघांचं एकमत झालं तरच प्रकरण पुढे सरकतं. केनियाचा धावपटू ऱ्होनेक्स किप्रुतो असाच गेला. त्याच्या नमुन्यात कुठलंही औषध सापडलं नव्हतं. २०२४ मध्ये सहा वर्षांची बंदी, १० किलोमीटरचा २६:२४ चा विश्वविक्रम रद्द, २०१९ चं जागतिक कांस्यही गेलं.

लिंबूटिंबू

हे झकास समजलं. 'कारखाना बंद' लक्षात राहील.

म्हणजे आकडे बोलतात, आणि तेही उशिरा. मग माणसं बोललेली बरी ना? अनवाणींचा मुद्दा मला पटायला लागलाय.

अनवाणी (धागाकर्ता)

वेगळीवाट, दोन डबे मान्य. पण ज्यांच्याकडे दुसऱ्या डब्यातली चीज होती त्यांचं काय झालं ते बघू.

ओरेगॉन प्रोजेक्ट, अमेरिकेतला धावपटूंचा एक सरावगट. अल्बेर्तो सालाझार हे प्रशिक्षक, पैसा एका बलाढ्य बूट कंपनीचा. २००९ मध्ये सालाझारने आपल्या दोन मुलांच्या अंगाला टेस्टोस्टेरॉनचं जेल चोळलं. त्यांना ट्रेडमिलवर पळवलं आणि नंतर त्यांची लघवी तपासली, किती जेल लावलं तर चाचणीत सापडतं ते बघायला. त्याचा खुलासा असा की शर्यतीनंतर गर्दीत कुणी शत्रूने माझ्या खेळाडूला जेल फासलं तर काय, याची मला धास्ती होती. ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी हे सुनावणीत नोंदलं गेलेलं आहे.

दुसरा प्रकार एल-कार्निटिनचा. हा पदार्थ बंदी यादीत नाही. पण शिरेतून किती द्रव चढवायचा यावर मर्यादा होती, सहा तासांत ५० मिलिलिटर. नोव्हेंबर २०११ मध्ये सहायक प्रशिक्षक स्टीव्ह मॅग्नेसच्या हाताला सुई लावून सुमारे एक लिटर चढवलं गेलं. म्हणजे प्रयोगाचा उंदीर हाताखालचा माणूसच. हाच मॅग्नेस पुढे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे गेला. गटातली कारा गाउचर आणि तिचा नवरा अ‍ॅडम हेही गेले. २०१५ मध्ये ते उघडपणे बोलले आणि सप्टेंबर २०१९ च्या शेवटी, दोहाची जागतिक स्पर्धा चालू असताना, सालाझारवर चार वर्षांची बंदी आली. २०२१ मध्ये क्रीडा लवादाने ती कायम ठेवली.

आता बघा, त्या गटातल्या कुठल्याही धावपटूवर कारवाई झालेली नाही. सगळे अहवाल स्वच्छ. बाटल्यांवर विसंबून राहिले असते तर यातलं अक्षरही बाहेर आलं नसतं. बाहेर आलं ते आतल्या माणसांमुळे. आणि त्यांना काय मिळालं? वर्षानुवर्षं 'नाराज माजी कर्मचारी', 'जळणारी माजी खेळाडू' ही विशेषणं.

खडूसकाका

आणि त्या गटातला ब्रिटनचा मो फारा? २०१५ मध्ये हे सगळं टीव्हीवर आल्यावरही तो सालाझारलाच धरून राहिला. २०१७ ला सोडलं, तेही 'लंडनला परत जायचंय' म्हणून. ही निष्ठा म्हणायची की हिशेब?

वेगळीवाट

काका, फारावर कुठलाही आरोप सिद्ध झालेला नाही, आधी हे लिहून ठेवू.

दोन्ही असणार. २०११ मध्ये तो सालाझारकडे गेला तेव्हा चांगला धावपटू होता. २०१२ ला लंडनमध्ये ५००० आणि १०,००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन बसला. ज्या माणसाने तुमची शेवटची फेरी घडवली, ज्याच्यासाठी तुम्ही बायकापोरांसकट देश बदललात, तो लबाड आहे हे मान्य करायचं म्हणजे आपल्या पदकांवर आपणच बोट ठेवायचं. बाहेरून 'सोड त्याला' म्हणायला काय जातंय? पाण्यात राहून माशाशी वैर ही म्हण इथे नुसती भीतीबद्दल नाही, ते पाणी त्याचं घर झालेलं असतं.

आणि पैशाची रचनाही बघा ना. लांब पल्ल्याच्या धावपटूला पगार नसतो. बूट कंपनीचा करार, त्यात कामगिरी घसरली की कपात, आणि वर्षाला दोन मॅरेथॉन. एवढ्यावर घर. प्रशिक्षक, फिजिओ, शिबिराची खोली हे सगळं त्याच एका कराराला टांगलेलं. पेसरचं तर विचारूच नका, त्याचं पोट सरळ त्या मोठ्या नावावर अवलंबून. मोठं नाव गेलं की पन्नास ताटं उलटी होतात. अशात 'तू बोलला का नाहीस' हे मला विचारवत नाही.

अनवाणी (धागाकर्ता)

मला विचारवतं. कारण याची दुसरी बाजूही तितकीच हाडामांसाची आहे.

ओसाका २००७, महिलांची १०,००० मीटर. रौप्य तुर्कीची एल्वान अबेलेगेसे, कांस्य कारा गाउचर, चौथी ब्रिटनची जो पेव्ही. जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा अबेलेगेसे सापडली. गाउचरला रौप्य, पेव्हीला कांस्य. पेव्हीच्या गळ्यात ते पदक पडलं २०१७ च्या लंडन स्पर्धेत. दहा वर्षांनी! तेव्हा ती दोन मुलांची आई होती. मधल्या दहा वर्षांतले करार, बक्षिसं, शर्यतींची निमंत्रणं, 'जागतिक पदकविजेती' ही ओळख, यातलं काय परत मिळालं? त्या पन्नास ताटांत पेव्हीचं ताट मोजायचं की नाही?

नेत्रा_

अबेलेगेसेवरून आठवलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीजिंग २००८ च्या १०,००० मीटरमध्येही रौप्य तिचंच होतं, आणि तेही गेलं. कांस्यावरून रौप्यावर कोण आलं? शॅलेन फ्लॅनगन. म्हणजे फसवणुकीची झळ प्रत्यक्ष सोसलेली बाई.

आता २०२१ मध्ये या. १५०० आणि ५००० ची अमेरिकन विक्रमवीर शेल्बी हूलिहान नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडसाठी सापडते. तिचं म्हणणं, आदल्या संध्याकाळी खाल्लेल्या बरिटोमध्ये (मेक्सिकन रोल) डुकराचं काळीज-आतडं वगैरे असणार, त्यातून ते आलं. लवादाला ते पटलं नाही, चार वर्षं बंदी. आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत प्रशिक्षक जेरी शूमाकरसोबत कोण? त्याच गटाची प्रशिक्षक झालेली फ्लॅनगन. गटातले इतरही 'आम्ही तिला ओळखतो' म्हणत पुढे आले.

मी फ्लॅनगनला खोटी म्हणत नाहीये. तिला मनापासून पटलं असेल. पण अबेलेगेसेच्या गटातल्यांनाही असंच काही वाटलं असेल ना? आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हूलिहान बंदी संपवून २०२५ च्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ३००० मीटरचं रौप्य घेऊनही गेली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

लिंबूटिंबू

एक मिनिट, बरिटो??

खडूसकाका

बरिटो, घरकामवालीच्या गोळ्या... आमच्या वेळी पोरं 'कुत्र्याने गृहपाठ खाल्ला' सांगायची ती बरी होती.

वकीलसाहेब

काकांनी हसवलं, पण याहून भारी प्रकरण सांगतो. विल्सन किपसांग, मॅरेथॉनचा माजी विश्वविक्रमवीर. नियम असा की वरच्या पातळीच्या खेळाडूने रोज एक तास ठरवून कळवायचा, त्या तासात तो दिलेल्या जागी सापडलाच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की उल्लंघन. किपसांगने एका चुकीसाठी कारण दिलं की रस्त्यात लॉरी उलटली होती, पुराव्यादाखल फोटोही दिला. तपासात निघालं की तो अपघात चाचणी चुकल्यानंतर काही महिन्यांनी झालेला! २०२० मध्ये चार वर्षांची बंदी. आणि ठपका नुसता गैरहजेरीचा नव्हता, खोटा पुरावा आणि खोटी साक्ष देण्याचाही होता. साक्ष म्हटलं की साक्षीदार आला. म्हणजे त्याच्यासाठी खोटं बोलायला कुणीतरी तयार झालं होतं. अनवाणी, तुमच्या धाग्याचा विषय तो 'कुणीतरी' आहे.

आता नियम काय म्हणतात. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत मदत करणं, लपवणं, कटात सामील असणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडे जाणं हाही गुन्हा. २०२१ पासून तक्रार करणाऱ्याला धमकावणं किंवा त्याचा सूड घेणं हेही त्यात आलं. पण नुसतं माहीत असून गप्प बसणं? त्यासाठी थेट शिक्षा नाही. आणि माझ्या मते नसावी. नाहीतर वेगळीवाट म्हणतात तसं प्रत्येक गट एकमेकांवर पाळत ठेवत बसेल.

उलट बाजूने आमिष आहे. दोषी खेळाडूने इतरांची भरीव माहिती दिली तर त्याच्या बंदीचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग स्थगित होऊ शकतो. रशियाची लिलिया शोबुखोवा, शिकागो मॅरेथॉन सलग तीनदा जिंकलेली. आपलं पासपोर्ट प्रकरण दाबायला तिने साडेचार लाख युरो मोजले होते. पैसे घेणाऱ्या साखळीचे धागे थेट आंतरराष्ट्रीय महासंघाच्या माणसांपर्यंत गेले. प्रकरण दाबता आलं नाही तेव्हा तीन लाख परत आले, आणि त्या परताव्यानेच पैशाचा माग सापडला. ती बोलली, बंदीत सात महिन्यांची सूट मिळाली.

सूक्ष्मदर्शी

लाचेचा परतावा. बाकी कुठे मिळतो का हो असा चोख व्यवहार?

जुनाजाणता

बराच वेळ नुसता वाचत होतो. काकांनी वर वांग जुनशियाचं नाव टाकलं आणि तसंच सोडून दिलं, म्हणून लिहितो. या धाग्यात तिचं नाव नुसतं आकडा म्हणून यायला नको.

मा जुनरेन नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखालच्या त्या मुली. १९९३ मध्ये त्यांनी जगाला चक्रावून टाकलं. वांगने बीजिंगमध्ये १०,००० मीटर २९:३१.७८ मध्ये पळून विक्रम केला, तो २०१६ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. त्याच २०१६ मध्ये, विक्रम मोडायच्या काही महिने आधी, एक पत्र प्रसिद्ध झालं. १९९५ साली लिहिलेलं. खाली वांग आणि तिच्या नऊ सहकारी मुलींच्या सह्या. प्रशिक्षक आम्हाला वर्षानुवर्षं बंदी असलेली औषधं घ्यायला लावत होता, असं त्यात लिहिलेलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हे सांगितल्याने देशाचं नाव खराब होईल आणि आपण इतक्या कष्टाने मिळवलेल्या पदकांचं मोल कमी होईल, याचं भय त्या मुलींनीच त्या पत्रात लिहिलं होतं.

लिहिल्यानंतर वीस वर्षं ते पत्र लोकांपुढे आलं नाही. आपण सारखं विचारतोय की माणसं बोलत का नाहीत. इथे दहा जणी बोलल्या होत्या, लेखी, सह्यांसकट.

आणखी एक, जरा उलट्या बाजूचं. फिनलंडच्या कार्लो मानिन्काने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये १०,००० चं रौप्य आणि ५००० चं कांस्य घेतलं. नंतर त्याने स्वतःहून सांगितलं की मी रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा त्यावर बंदीही नव्हती! कुणी पकडलेलं नव्हतं, पदकं जाणार नव्हती, तरी बोलला. त्याच देशाच्या लासे विरेनबद्दल पन्नास वर्षं तीच कुजबुज चालू आहे आणि तो कायम नाकारत आलाय. विरेनने काही केलं होतं असं मी म्हणत नाही. पण बोलून टाकणारा आणि संशयाखाली राहिलेला यांच्यात कुणाला जास्त शांत झोप लागली असेल, हे विचारावंसं वाटतं.

खडूसकाका

जुनाजाणता, पत्राचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो.

नेत्रा_

काका गप्प! या धाग्याचा खरा विश्वविक्रम. :)

बोलण्याची किंमत म्हणून यूलिया स्टेपानोवाचं नाव राहायला नको. ८०० मीटरवाली, म्हणजे तुमच्या व्याख्येत लांब पल्ला नव्हे, पण प्रकरण तेच. नवरा रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेत नोकरीला, बायको राष्ट्रीय संघात उत्तेजकं घेणारी. दोघं मिळून बोलले. तिने सहकारी आणि प्रशिक्षकांची संभाषणं फोनवर गुपचूप टिपली आणि डिसेंबर २०१४ मध्ये ती जर्मन वाहिनीवर आली. त्यातूनच मारिया साविनोवाचं लंडनचं ऑलिंपिक सुवर्ण गेलं, रशियाचा अ‍ॅथलेटिक्स संघ निलंबित झाला. मायदेशात तिला जूडास, म्हणजे विश्वासघातकी, म्हटलं गेलं. मुलाला घेऊन देश सोडावा लागला. आणि रिओला तटस्थ म्हणून पळू द्या म्हटलं तर ऑलिंपिक समितीने नकार दिला, तिने स्वतः पूर्वी उत्तेजकं घेतली होती म्हणून.

घेतली नसती तर तिला ही माहिती असती कुठून?

वेगळीवाट

नेत्रा, शेवटची ओळ फ्रेम करून लावण्यासारखी. पण स्टेपानोवाचं उदाहरण मला पूर्ण पचत नाही. ज्या मैत्रिणीने विश्वासाने काही सांगितलं तिचाच आवाज गुपचूप टिपायचा. त्याशिवाय कुणी ऐकलं नसतं हे कळतं. तरी मला जमलं नसतं.

अनवाणी, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर. मला नुसता संशय असता तर मी गट सोडला असता आणि गप्प राहिले असते. बहुतेक जण हेच करतात. 'अमुक धावपटूने प्रशिक्षक बदलला, कारण वैयक्तिक' ही जी छोटी बातमी असते ना, तिच्या मागे कधी कधी हेच असतं. डोळ्यांनी सुई पाहिली असती तर बोलले असते. निदान तसं मला आज वाटतं, बूट कंपनीचा करार हातात नसताना.

अनवाणी (धागाकर्ता)

प्रामाणिक उत्तर. तरी माझी अडचण आहेच. तुम्ही गट सोडलात, जागा रिकामी झाली, पुढच्या महिन्यात तिथे अठरा वर्षांची नवीन मुलगी आली. तिला तुम्ही काही सांगितलं नाहीत, प्रशिक्षक तर सांगणारच नाही. मा जुनरेनकडे मुली येतच राहिल्या होत्या. चेपनगेटिचच्या फोनमध्ये सापडलेल्या संशयास्पद मजकुराचा तपास पुढे चालू ठेवू असं इंटेग्रिटी युनिटने (अ‍ॅथलेटिक्समधल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी संस्था) सांगितलंय. तो फोन बोलायच्या आधी एखादं माणूस बोललं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

वेगळीवाट

त्या अठरा वर्षांच्या मुलीला मी फोन केला असता. नाव न घेता इतकंच सांगितलं असतं, की सलाईन किंवा इंजेक्शन देतो म्हणाले तर हो म्हणू नकोस, आणि बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय काही पिऊ नकोस. यापुढे माझी झेप नाही.

लिंबूटिंबू

आणि असं काही पाहिलेलं कुणाला कळवायचंच असेल तर? म्हणजे महासंघाच्या ऑफिसात जाऊन अर्ज द्यायचा का? तिथलाच कुणीतरी पैसे घेणारा निघाला तर?

वकीलसाहेब

महासंघाच्या ऑफिसात जायची गरज नाही. शोबुखोवाच्या प्रकरणानंतर म्हणूनच तर २०१७ मध्ये अ‍ॅथलेटिक्स इंटेग्रिटी युनिट महासंघापासून वेगळं काढलं. त्यांच्या संकेतस्थळावर कळवता येतं, नाव न देताही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची अशीच वेगळी सोय आहे. फक्त 'मला वाटतं तो घेतो' एवढंच लिहू नका. तारीख, जागा, कोण होतं, बाटलीवर काय लिहिलं होतं ते लिहा. दुसऱ्या डब्यातलं, वेगळीवाट म्हणतात तसं.